यादीतील सात नावे आणि पत्रातील एक ओळ

पत्र (थोडे संक्षिप्त करून)

“माझे वय ४१ आहे. हिशेब तपासणीचे काम करते. गेल्या चार महिन्यांपासून रोज पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही. वजन सहा किलोने घटले आहे. कामावर आकड्यांची एकच ओळ तीन-तीनदा वाचावी लागते. चित्रे काढायला बसले की पूर्वी वेळेचे भान राहत नसे. आता रंगांची पेटी उघडावीशीही वाटत नाही. धाकटी बहीण म्हणते, समुपदेशकाकडे जाऊन मन मोकळे कर. माझे वरिष्ठ म्हणतात, बोलण्यात वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरांची गोळी घ्या. एका मैत्रिणीने लाइफ कोचचा क्रमांक दिला आहे. फोनवर शोधले तर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सायकोथेरपिस्ट, मनोसामाजिक कार्यकर्ता, कोच आणि हीलर अशी सात नावे निघाली. यादी वाचून फोन बाजूला ठेवला. कधी कधी वाटते, झोपेतून उठलेच नाही तरी बरे. असो. मला इतकेच विचारायचे आहे, की यांपैकी माझ्यासाठी योग्य कोण, हे ठरवायचे कसे? निवड चुकली तर? आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे आपल्याला वेड लागले आहे, असे कबूल करणे नव्हे का?”

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी मला तुमचे तीन प्रश्न दिसले. दुसऱ्या वेळी ‘असो’ या शब्दापाशी थांबले, कारण त्याच्या आधीचे वाक्य तुम्ही लिहिले आणि लगेच झाकून टाकले. पत्राचे उत्तर त्या वाक्यापासूनच सुरू करावे लागेल, कारण कोणाकडे जायचे आणि किती लवकर जायचे, हे बऱ्याच अंशी त्यानेच ठरते.

झोपेतून उठलेच नाही तरी बरे, असे वाटणे वेगळे आणि स्वतःला संपवण्याचा बेत मनात येणे वेगळे. मात्र तुमच्या बाबतीत या दोहोंतील अंतर किती आहे, हे पत्रावरून मला मोजता येणार नाही, आणि ते दर आठवड्याला तितकेच राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. मनात एखादा मार्ग, एखादी वेळ किंवा एखादी वस्तू घोळू लागली असेल, तर खाली लिहिलेले सगळे नंतर वाचा. आजच बहिणीला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तेथे भेटीची वेळ घ्यावी लागत नाही. घरात झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा साठा असेल, तर तो बहिणीकडे देऊन ठेवा. तसे काही नसेल, तरीही पहिली भेट पुढच्या महिन्यावर न टाकता याच आठवड्यात ठरवा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. तुम्ही आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करून घ्यावी, त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी, आणि त्यांच्याशी बोलून मानसशास्त्रज्ञांकडची नियमित सत्रे सुरू करावीत, असे माझे मत आहे. बहिणीचे म्हणणे चुकीचे नाही आणि तुमच्या वरिष्ठांचेही पूर्ण चुकीचे नाही. दोघांनी आपापल्या परीने अर्धे-अर्धे सांगितले आहे. कोचचा क्रमांक मात्र सध्या बाजूला ठेवा.

हा क्रम का, तेही सांगायला हवे. मी स्वतः मानसशास्त्रज्ञ आहे, औषधे लिहून देत नाही, आणि साहजिकच माझा ओढा बोलण्याच्या उपचारांकडे आहे. तरीही मी तुम्हाला आधी डॉक्टरांकडे पाठवते आहे, यामागे जुन्या चुकीचा धडा आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बाई येत असत. उदासी, थकवा, कशातच लक्ष नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आम्ही नऊ आठवडे मन लावून काम केले. त्या सांगितलेला गृहपाठ नेमाने करत आणि दर खेपेला थोड्या अधिक थकलेल्या दिसत. अखेर दुसऱ्याच कारणासाठी त्यांनी रक्त तपासून घेतले, तेव्हा थायरॉईड ग्रंथीचे काम फारच मंदावल्याचे निघाले. त्यांच्या मनातले सल खोटे नव्हते, पण शरीराकडे पाहायचे मी विसरले होते. तेव्हापासून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व, साखर आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी मी पहिल्याच भेटीत करते. तुमचे तर सहा किलो वजन घटले आहे. ते नैराश्याने घटू शकते, तसेच थायरॉईड जास्त काम करू लागल्यानेही घटू शकते, आणि दोन्हींत झोप बिघडते. आतली गोष्ट कोणती, हे बाहेरून बघून ओळखता येत नाही.

मनोविकारतज्ज्ञांचे नाव मी का घेतले, याचे उत्तर तुमच्या लक्षणांच्या जुळणीत आहे. पहाटे लवकर जाग येणे, भूक किंवा वजन कमी होणे, लक्ष न लागणे, आवडीच्या गोष्टीतला रस जाणे आणि जगण्याबद्दल उदासीन विचार येणे, यांतली कोणतीही एक गोष्ट कोणालाही चार दिवस होऊ शकते. त्या एकत्र आल्या आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या, तर नैराश्याचा आजार आहे का, हे रीतसर तपासायचे असते. तुमचे चार महिने झाले आहेत. याचा अर्थ निदान मी केले, असा घेऊ नका. वृत्तपत्राच्या सदरातून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

यादीतल्या नावांनी तुमचा गोंधळ व्हावा, यात तुमचा दोष नाही. आपल्या भाषेनेच तो वाढवून ठेवला आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द कोणी वैद्यकीय पदवी घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञासाठी वापरतो, कोणी मानसशास्त्रज्ञासाठी, आणि बातमीत तर सल्ला देणाऱ्या कोणाच्याही नावापुढे तो लागलेला दिसतो. म्हणून पाटीवरचा शब्द वाचून थांबू नका. खालची पदवी आणि नोंदणी वाचा. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो आणि मग मनाच्या आजारांत विशेष शिक्षण घेतो. तो शरीर तपासतो, निदान करतो, औषध देतो आणि गरज पडल्यास रुग्णालयात दाखल करून घेतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, ज्याला आपण बोलताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच म्हणतो, तो मानसशास्त्र शिकलेला असतो. चाचण्या, मूल्यमापन आणि बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार हे त्याचे काम. अमेरिकेतील काही राज्यांत जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना औषधे लिहिण्याची परवानगी आहे, पण बहुतेक ठिकाणी तशी ती नसते.

डॉक्टर नसलेल्याने मनावर उपचार करावेत का, हा वाद काही आजचा नाही. १९२६ साली व्हिएन्नामध्ये थिओडोर राइक या मनोविश्लेषकावर, वैद्यकीय पदवी नसताना उपचार केल्याबद्दल कायदेशीर कारवाई सुरू झाली. राइक यांच्याकडे मानसशास्त्राची डॉक्टरेट होती. मनोविश्लेषण ही बोलण्याची उपचारपद्धती घडवणारे सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर असूनही त्यांनी राइक यांची बाजू घेतली आणि या कामासाठी वैद्यकाच्या पदवीहून त्या कामाचे खास प्रशिक्षण महत्त्वाचे, असे ठामपणे लिहिले. ती कारवाई पुढे टिकली नाही, पण प्रश्न अजून जिवंत आहे, आणि तुमच्या बहिणीचे व वरिष्ठांचे जे चालले आहे तो त्याच वादाचा घरगुती अवतार म्हणायला हरकत नाही. फ्रॉइड यांच्या युक्तिवादातली एक अट सहसा विसरली जाते: लक्षणे शरीराच्या आजारातून आलेली नाहीत ना, हे आधी डॉक्टरांनी तपासलेले असावे. मला ती अट आजही मोलाची वाटते.

तुमचा तिसरा प्रश्न वेडाचा. मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीत प्रत्यक्षात काय होते, हे कळले तर ती भीती बरीच ओसरेल. साधारण पाऊण तास ते तास तुम्ही बोलता आणि समोरची व्यक्ती लिहून घेते. झोप कधी लागते, कधी मोडते, सकाळी जास्त जड वाटते की संध्याकाळी, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, दारू किंवा इतर काही घेता का, असे प्रश्न येतात. एक प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप अगदी थोडी लागत होती आणि तरीही अंगात अफाट उत्साह होता, विचार पळत होते, पैसा भराभर खर्च होत होता? तो प्रश्न टाळू नका. उत्तर ‘हो’ असेल, तर आजचे नैराश्य हे द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचे, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह यांत झुलणाऱ्या आजाराचे, एक टोक असू शकते, आणि तशा वेळी नुसते नैराश्याचे औषध दिले तर माणूस दुसऱ्या टोकाला फेकला जाण्याचा धोका असतो. तेव्हा निवड वेगळी होते. १९४९ मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञांनी ज्याचा उपयोग दाखवला ते लिथियम हे औषधही त्यात येते, आणि ते घेताना रक्तातील प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते. एवढा सगळा हिशेब त्या एका प्रश्नामागे असतो. तुमच्या पेशात एक नोंद चुकली की पुढचा ताळेबंद कसा चुकत जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

औषध मिळालेच, तर तीन गोष्टी विचारून घ्या: असर कधी दिसेल, कोणता त्रास झाला तर फोन करायचा, आणि थांबवायचे कधी व कसे. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसू लागायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून अधिक. पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता जाणवू शकते. अस्वस्थता फार वाढली किंवा जीवाचे बरेवाईट करण्याचे विचार बळावले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवायचे असते. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पहिल्याच खेपेचा आजार असला तरी बरे वाटू लागल्यावर किमान सहा महिने ती चालू ठेवण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो, आणि मग मात्रा हळूहळू उतरवतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे आहे आणि म्हणूनच त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. पण नैराश्याची औषधे वेगळी, दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

वेडाबद्दल एवढेच म्हणेन, की ज्या शब्दाने तुम्ही घाबरला आहात तो आजच्या वैद्यकात निदान म्हणून वापरला जात नाही.

बोलण्याचा उपचार हा मात्र ‘मन मोकळे करणे’ याहून बराच वेगळा असतो, आणि हे बहिणीलाही सांगा. नैराश्यासाठी वापरली जाणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी आकाराला आणली. तेही मनोविकारतज्ज्ञच होते. आठवड्यातून एकदा पाऊण तास ते तास, अशी बहुधा १२ ते २० सत्रे होतात. तुमच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते असे दिसू शकेल: रंगांची पेटी उघडण्याची इच्छा होईपर्यंत थांबायचे नाही, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता दहा मिनिटे पेटी उघडून फक्त एक रंग कागदावर लावायचा, आणि आधी व नंतर मन किती जड होते त्याचा शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. वाचताना हे पोरकट वाटेल. पण नैराश्यात इच्छा पुढे आणि कृती मागे, हा नेहमीचा क्रम उलटा चालवावा लागतो, आणि आकडा लिहिल्यामुळे ‘काहीच फरक पडत नाही’ हे मनाचे विधान तपासता येते. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात औषध आणि असा उपचार एकत्र चालू ठेवणे बऱ्याचदा केवळ एकाहून अधिक उपयोगी ठरते, म्हणून ‘गोळी की बोलणे’ हा झगडा तुमच्या घरी आणि कचेरीत मिटवून टाकायला हरकत नाही.

समुपदेशक कोठे बसतो, हे विचाराल. नात्यातला ताण, जवळच्याचा मृत्यू, नोकरी जाणे, एखादा निर्णय न होणे, अशा ज्ञात कारणाने आलेल्या अडचणीत चांगला समुपदेशक फार मोठे काम करतो, आणि काही समुपदेशकांचे प्रशिक्षण मानसशास्त्रज्ञाच्या तोडीचे असते. पत्रात तुम्ही असे कोणतेही कारण दिलेले नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. कारण नसताना आलेला आणि झोप, भूक, वजन यांच्यापर्यंत पोचलेला त्रास पहिल्यांदा समुपदेशकाकडे न्यावा, असे मला वाटत नाही. मनोसामाजिक कार्यकर्ता हे नाव यादीत सर्वांत दुर्लक्षित राहते. आजारामुळे घर, नोकरी, रजा, पैसा यांची घडी विसकटते तेव्हा ती बसवायला मदत करणारा, कुटुंबाला आजार समजावून सांगणारा तो माणूस असतो. ‘सायकोथेरपिस्ट’ हे पुष्कळ ठिकाणी पदवीचे नाव नसून कामाचे नाव आहे; ते लावणारी व्यक्ती मूळची कोण आहे, हे विचारावे लागते. कोचला मी वाईट म्हणत नाही. ठीकठाक चाललेल्या माणसाला ध्येय गाठायला तो मदत करील. पण त्या शब्दावर बहुतेक ठिकाणी कोणाचेही नियंत्रण नाही, आणि चार महिने न झोपलेल्या बाईला ‘सकारात्मक राहा’ असे सांगितले, की ती घरी जाऊन स्वतःलाच दोष देते. हीलरबद्दल माझे मत विचारू नका. चालू औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या दारातून परत फिरा, एवढे मात्र सांगते.

हे सगळे वाचूनही निवड चुकण्याची धास्ती राहील. तिच्यासाठी एक प्रश्न देते. ज्या कोणाकडे जाल, त्यांना पहिल्या भेटीतच विचारा: “माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे तुम्हाला कशावरून कळेल, आणि तसे झाले तर मला कोणाकडे पाठवाल?” चांगला मनोविकारतज्ज्ञ एखाद्या मानसशास्त्रज्ञाचे नाव सांगेल, चांगला समुपदेशक मनोविकारतज्ज्ञाचे. ज्याला या प्रश्नाचा राग येतो किंवा जो “गरजच पडणार नाही” म्हणतो, त्याच्या भिंतीवर कितीही पदव्या टांगलेल्या असोत, पुढची वेळ घेऊ नका. एकाने दुसऱ्याकडे पाठवण्याची वाट चालू असेल, तर पहिली निवड चुकली तरी तुमचे नुकसान एक-दोन भेटींपलीकडे होत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या बाईंचे नऊ आठवडे गेले, कारण मी ती वाट वापरली नाही.

पदवी योग्य असूनही माणूस जमत नाही, असेही होते. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कोठे पोचायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तीन-चार सत्रांनंतर हे तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहा. पहिल्या सत्रात रडू येऊन बाहेर पडल्यावर थकवा वाटणे, यावरून काहीच ठरवू नका. पण चौथ्या सत्रानंतरही आपण काय करतो आहोत हे कळत नसेल, तर तसे तोंडावर सांगा. सांगितल्यावर समोरची व्यक्ती कशी वागते, त्यावरून राहायचे की बदलायचे हे ठरेल. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. आम्हाला ते ऐकायची सवय असते, किंवा असायला हवी.

भेटीला जाताना एक कागद न्या. झोपेच्या वेळा, वजन, चालू औषधे, घराण्यातले आजार, हे त्यावर आदल्या दिवशी लिहून ठेवा, कारण समोर बसल्यावर निम्मे आठवत नाही. बहिणीला सोबत न्या. मात्र पहिली दहा मिनिटे एकटीने बोलायचे असेल तर तसे सांगा, ते नेहमीचे आहे. आणि त्या कागदावर सर्वांत वर, झोपेच्या वेळांच्याही आधी, तुम्ही मला लिहिलेले ते वाक्य जसेच्या तसे उतरवा, पुढचे ‘असो’ गाळून.